नदीकाठच्या लहान गावाला कसला सांडपाणी प्रकल्प पुरेल?

प्रश्न (घाटावरचा रहिवासी):
आमचे गाव कृष्णेच्या काठी असून लोकसंख्या सुमारे 30 हजार आहे. भुयारी गटार नाही. सेप्टिक टाक्यांतून बाहेर पडणारे आणि मोऱ्यांचे पाणी उघड्या गटारांतून दोन नाल्यांना मिळते व घाटाच्या वरच्या अंगाला नदीत उतरते. आता नाले अडवून 5 एमएलडीचा (रोज 50 लाख लिटर क्षमतेचा) प्रक्रिया प्रकल्प उभारण्याचे ठरले आहे. शुद्ध केलेल्या पाण्याची बीओडी (घाणीचे एक माप) 30 च्या आत, म्हणजे नियमात राहील, असे सभेत सांगण्यात आले. असे पाणी सोडल्यावर उन्हाळ्यात नदी स्नानायोग्य राहील का?

उत्तर (निवृत्त अभियंता):
ते त्या दिवशी नदीत किती पाणी वाहते यावर अवलंबून आहे. माणशी 135 लिटर पाणीपुरवठा धरला आणि त्यातील 80 टक्के सांडपाणी होते असे मानले, तर आपल्या गावाचे रोजचे सांडपाणी सुमारे 32 लाख लिटर भरते. बीओडी म्हणजे पाण्यातील घाण पचवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. केंद्राच्या 2017 च्या अधिसूचनेने महानगरे आणि बहुतेक राज्यांच्या राजधान्या वगळता इतरत्र ती लिटरला 30 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतली आहे, स्नानाच्या पाण्याची मर्यादा मात्र 3 आहे. वरून येणाऱ्या नदीची बीओडी 2 असेल, तर एका भाग सांडपाण्यात 27 भाग नदीचे पाणी मिसळल्यावरच मिश्रण 3 वर येते. याचा अर्थ आपल्या घाटापाशी अहोरात्र सुमारे 36 क्युसेक प्रवाह हवा. धरणातून आवर्तन चालू असताना तो मिळेलही, पण आवर्तन बंद झाल्यावर डोहांत साचलेल्या पाण्याकडून ही अपेक्षा कशी करणार? बीओडी 10 पर्यंत उतरवली, तर 7 भाग म्हणजे साधारण 9 क्युसेक पुरतात. म्हणून निविदेत 30 ऐवजी 10 ची अट घालण्याचा आग्रह धरावा. विष्ठेतील जिवाणूंचा बंदोबस्त मात्र वेगळा, क्लोरीन देऊन करावा लागतो.

शिवाय 5 एमएलडी ही पुढील लोकसंख्या धरून काढलेली क्षमता दिसते. ती दोन टप्प्यांत बांधावी, कारण क्षमतेपेक्षा फार कमी सांडपाणी आले, तर त्यातील घाण खाऊन पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंची उपासमार होते.

उत्तर (सेप्टिक टाकीवाले):
वरील हिशेब मला मान्य आहे, परंतु मैल्याचा गाळ त्यात कुठेच आला नाही. सेप्टिक टाकी वर्षानुवर्षे उपसली नाही, की तळाचा गाळ वर चढत जातो आणि टाकी नुसती वाटेतला खड्डा उरते. मग उपसा करणारा टँकर रात्री कुठल्या ओढ्यात रिकामा होतो, हे गावात सर्वांना ठाऊक असते. याच कृष्णेच्या काठावरील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे तीन वर्षांतून एकदा ठरलेल्या वेळापत्रकाने टाक्या उपसण्याची आणि त्या गाळावर स्वतंत्र केंद्रात प्रक्रिया करण्याची पद्धत सुरू झाली. मोऱ्यांचे पाणी त्यात येत नाही, त्यामुळे नाले अडवणे टळत नाही. पण निम्मे दुखणे तिथेच आवरते, असे माझे मत आहे.

उत्तर (प्रकल्पावरील ऑपरेटर):
आपण दोघांनीही कागदावरचे बरोबर सांगितले आहे. मी टाकीच्या काठावरचे सांगतो. मी ज्या प्रकल्पावर होतो, तिथे विजेचे बिल वाढू लागताच रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारी यंत्रे) बंद ठेवण्याचा तोंडी आदेश आला. चौथ्या दिवशी एरेशन टाकीतील, म्हणजे हवा देऊन जिवाणू पोसतात त्या टाकीतील, तपकिरी जिवाणूंचा गाळ काळपट पडला आणि ओल्या मातीच्या वासाऐवजी सडक्या अंड्यांचा वास येऊ लागला. नमुने घ्यायला माणसे दिवसा येत आणि तेव्हा ब्लोअर चालू असत. प्रकल्प सुरू झाल्यावर एखाद्या सकाळी तिथे जाऊन एक लिटरच्या मोजपात्रात एरेशन टाकीतील पाणी भरून मागावे आणि अर्धा तास थांबावे. गाळ खाली बसून वर नितळ पाणी राहिले तर जिवाणू ठीक आहेत. वरचे पाणी गढूळच राहिले, तर आदल्या रात्रीच्या वीज-मीटरच्या नोंदी पाहायला मागाव्यात.