बेटांच्या गोष्टी एवढ्या का ओढतात? लिहा आपापले अनुभव

दक्षिणकसबा: भाचीनं आज वहीत बेट काढलं. एक नारळ, एक झोपडी, भोवती निळं पाणी. पोरगी सोलापूरची, समुद्र अजून बघितलेला नाही! शाळेत असताना रॉबिन्सन क्रूसो वाचून मी सिद्धेश्वर तलावाच्या काठाला बसायचो. पाण्यातल्या देवळात आपण एकटेच राहतोय, झोपायचं कुठं, चूल कुठं मांडायची, सगळं ठरवून ठेवलेलं. बेटावर काय आहे नि काय नाही ते एका नजरेत कळतं, मला तेच आवडतं. तुमचं बेट कुठलं?

शेंगाचटणी: तिथं एकटं? गड्ड्याच्या जत्रेला ये की बे जानेवारीत, पाय ठेवायला जागा नसते 😄

जुनापुस्तकवाला: क्रूसोसारखाच एक खरा माणूस होऊन गेला, अलेक्झांडर सेल्कर्क, स्कॉटिश खलाशी. जहाज गळतंय म्हणून कप्तानाशी भांडला नि 1704 मध्ये चिलीपासून लांब एका ओसाड बेटावर उतरला. सुटका झाली 1709 ला. शेळ्यांमागं पळून त्या हातानं धरायचा म्हणे. आणि ते जहाज पुढं खरंच बुडालं! कादंबरी आली 1719 ला. त्या बेटाला आता क्रूसोचंच नाव आहे. सेल्कर्कचं द्यायला हवं होतं, मला अजून राग येतो.

माळावरची: आजोळ करमाळ्याकडचं. उजनी धरणाचं पाणी चढलं नि गाव उठलं, वरचा माळ तेवढा पाण्याबाहेर राहिला. आजी काठावर उभी राहून बोट करायची, "त्या बाभळीच्या अंगाला आपली विहीर, हिकडं मारुती." मला नुसतं पाणी दिसायचं नि माळावरचे बगळे. पण रात्री अंथरुणात मी त्याच माळावर घर बांधायचे. आजीला होडीतून न्यायचे, चूल मांडून द्यायचे, तिची तांब्याची घागर सुद्धा न्यायचे. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की वर येतं, तसं आमचंही येईल असं वाटायचं. कुकर झाला, येते.

शेंगाचटणी: ताई, वाचून गलबललं. आजी आहेत का अजून?

माळावरची: नाहीत रे.

कोकणजावई: आमचं जंजिरा! चहूकडून खारं पाणी, आत गोड्या पाण्याचे तलाव. लेक उतरायलाच तयार नव्हता, इथंच राहू म्हणाला. नंतर राजपुरीत सुरमई खाल्ली, अहाहा.

दक्षिणकसबा: @माळावरची, भाचीला उजनी दाखवायचीय. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसतात का आत्ता?

माळावरची: भिगवणला जा, होड्या मिळतात. पहाटेच निघा, उन्हं चढली की पोरं कंटाळतात.