गच्चीवर प्रार्थना-भजन ठेवायचंय, मागच्या वेळसारखा पचका नको (नाशिक)

गच्चीवाला
जय ख्रिस्त मंडळी. आम्ही गंगापूर रोडला राहतो, चर्च शरणपूरचं. चार-पाच कुटुंबांचं असं ठरलंय की महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं, गायचं, प्रार्थना करायची, चहा घ्यायचा आणि आपापल्या घरी. पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले जरूर करा पण मला संदेशाला (प्रवचनाला) उभं करू नका, मी मागे बसून गाईन. इथपर्यंत सगळं छान.

पहिली सभा ऑक्टोबरात आमच्याच गच्चीवर झाली आणि खरं सांगतो, पचका झाला. पोरांनी कीबोर्ड, दोन गिटार, काहोन (बसून वाजवायचा लाकडी खोका), मिक्सर, दोन हे एवढे स्पीकर आणले, वर चादर बांधून प्रोजेक्टर. साउंड चेकमध्येच पाऊण तास गेला. मग गाणी सुरू झाली ती सगळी हिंदी-इंग्लिश, वाऱ्याने चादर हलायची की शब्दही हलायचे, माणसं तीस आणि गाणारी चार, तीपण माइकवालीच. आमची आजी ८४ वर्षांची, शाल गुंडाळून पुढच्या खुर्चीत बसलेली, मला खुणेने जवळ बोलावून विचारते, "हा कार्यक्रम झाला की आपण भजन म्हणायचं ना?" काय बोलणार! प्रार्थनेला सुरुवात होईपर्यंत दहा वाजून गेले आणि खालचे काका वर आले, त्यांच्या नातीची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. बिचारे शांतपणे बोलले, त्याचीच जास्त लाज वाटली.

डिसेंबरात परत माझ्याकडे आहे. स्पीकर लागतो का, गाणी किती ठेवायची आणि प्रार्थना मध्ये घ्यायची की शेवटी, एवढं सांगा.

पेटीमास्तर
तीस माणसांना स्पीकर कशाला हवा राव. माइक आला की बाकीचे ऐकायला बसतात, हा माझा बऱ्याच वर्षांचा अनुभव. पण तुमचा खरा घोटाळा स्पीकरचा नाहीच, पट्टीचा आहे, म्हणजे गाणं किती वरच्या सुरात धरलं त्याचा. स्टेजवर गाणारा पोरगा त्याच्या गळ्याला बसेल ती पट्टी धरतो, मग कोरस वर गेला की बायका गप्प आणि पुरुष खालच्या सप्तकात पुटपुटतात. सोपा हिशोब सांगतो, गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा, तो बायकांना वरच्या रे पर्यंतच जाईल (म्हणजे पेटीची पांढरी एक, गिटारवाल्यांचा सी, हा सा धरून वरच्या सप्तकातली पांढरी दोन) एवढी पट्टी खाली घ्या. गिटारवाला दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून सी वाजवत असेल तर ते डी झालं, त्याला म्हणा कॅपो खिशात टाक. एवढ्यानेच निम्मी माणसं गायला लागतील.

दुसरं, पेटी आणणार असाल तर गिटार पेटीला जुळवा. ट्यूनरवर गिटार लावून आलेला मुलगा "पेटी बेसूर आहे" म्हणतो, अरे बाबा जुन्या पेट्या ४४० वर (ट्यूनर ज्या मापाने ए लावतो त्यावर) असतातच असं नाही, आणि पेटीला काय कान पिळता येतात का! पांढरी सहा दाबून धरा आणि त्यावर गिटारची ए तार लावा. आणि गच्चीवर डिसेंबर म्हणजे नाशिकची थंडी, खोलीत लावलेली गिटार वर नेली की तारा आखडून चढते. वाद्यं अर्धा तास आधीच वर नेऊन ठेवा, मग लावा.

गाणी सहा पुष्कळ झाली, त्यात चार तरी जुनी मराठी. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, आपल्या ख्रिस्ती कवींनी, अभंगाच्या छंदात केवढं लिहून ठेवलंय, ते १९१९ साली गेले पण त्यांची पदं आजीला अजून पाठ असणार. एक ओळ सांगायची, मागून सगळ्यांनी म्हणायची, प्रोजेक्टरचा प्रश्नच येत नाही.

कॅपोवाला पोरगा
सगळं आमच्यावरच का? जुनीच भजनं ठेवली तर कॉलेजची मुलं मोबाइल बघत बसतात हे पण लिहा की. आम्ही ऑफिस करून ऑटोने कीबोर्ड आणायचा आणि वर ऐकून पण घ्यायचं. पट्टीचं मात्र मान्य, आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

शरणपूरची ताई
अरे दादा रागावू नको, तुम्ही येता म्हणून तर जमतं. दोन नवी तुमची घ्या, पण आधी ग्रुपवर ऑडिओ टाका म्हणजे आम्हालाही चाल येईल.

प्रार्थनेचं सांगते. शेवटी ठेवू नका, शेवटी सगळ्यांचं लक्ष चपलांकडे. आमच्याकडे आम्ही दोन भजनं, मग एक स्तोत्र वाचायचं, मग विनंत्या. "कोणाची काही विनंती?" असं विचारलं की कोणी बोलत नाही म्हणून मी दारातच चिठ्ठ्या आणि पेन ठेवते, स्टीलच्या डब्यात टाकायच्या, नाव लिहायची सक्ती नाही. मग डबा फिरतो, ज्याच्या हाताला जी चिठ्ठी येईल त्याने तिच्यासाठी एक-दोन वाक्यं प्रार्थना करायची. मागच्या महिन्यात एका सातवीतल्या मुलाच्या हाताला चिठ्ठी आली, "सुनेशी बोलणं बंद आहे." तो बिचारा गडबडला, मग म्हणाला, "प्रभू, दोघींना एकदा चहाला बसव. आमेन." पुढे कोणी काही बोललंच नाही, पेटी हळूच सुरू झाली. लांबलचक प्रार्थना करणारे एक काका सगळीकडे असतात, त्यांना शास्त्रपाठ (बायबल वाचायला) द्यावा.

आणि सोसायटीला आधी सांगा. सेक्रेटरीला साध्या कागदावर तारीख, वेळ, माणसं किती. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद हा तर २००० सालच्या नियमांतच आहे, पण तुम्ही साडेसहाला सुरू करून आठला उठा ना. खालच्या काकांकडे केक घेऊन स्वतः जा.

पंचवटीकर
मी तुमच्यातला नाही, आमचं वारकरी भजनी मंडळ आहे, पण धागा वाचून राहवलं नाही. खुर्च्या काढा हो! रांगेत खुर्च्या लावल्या की झाला तो प्रेक्षक. सतरंजी टाका आणि गोल बसा, समोरासमोर, म्हाताऱ्यांना फक्त खुर्ची. आमच्याकडे एक चाल सांगतो, बाकीचे धरतात, गळा कसाही असला तरी चालतो.

टाळ ठेवा, हाताला काम मिळालं की तोंड आपोआप उघडतं. फक्त तीस माणसांत तीन-चार जोड्याच, आम्ही एकदा प्रत्येकाला दिले तर अभंग कुठला चाललाय तेच कळेना. आणि रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं, तेव्हा तुमची भजनं आम्हाला काही परकी नाहीत.

गच्चीवाला
पंचवटीकर, आमच्या बायबलातल्या स्तोत्रसंहितेचं ऐका, १५० व्या स्तोत्रात झांजाच आहेत, म्हणजे टाळ आम्हालाही चालतात :)

ठरलं, साडेसहा ते आठ, सतरंजी, चार जुनी दोन नवी, स्पीकर नाही, स्टीलचा डबा आजीचाच. काकांकडे आत्ताच जाऊन आलो, ते म्हणे भजन असेल तर मी तबला आणतो, आधी का नाही सांगितलं! कॅपोवाल्या, शुक्रवारी सातला ये, पट्ट्या काढून ठेवू. आणि पंचवटीकर, टाळाच्या चार जोड्या उसन्या मिळतील का, घ्यायला कधी येऊ?

पंचवटीकर
एकादशी सोडून कधीही या. दोरी नवी ओवून ठेवतो.