मदत हवी आहे : भूतान आणि फिनलंडमध्ये लोकांच्या घरी राहायचंय

नमस्कार मंडळी. मी कोथरूडची, नुकतीच नोकरीतून मोकळी झालेय. वेगवेगळ्या देशांतली माणसं कशात सुखी असतात, ते त्यांच्या घरात राहून बघायचं, हा माझा जुना ध्यास.

सुरुवात भूतानपासून. तिथे सकल राष्ट्रीय आनंद, म्हणजे देशाची प्रगती लोकांच्या सुखावरून बघायची कल्पना, २००८च्या संविधानातच आहे. आणि तो मोजताना झोप, शेजारपाजार, वेळ कसा जातो हेही विचारतात! मला नेमकं तेच बघायचंय. सहल कंपनीच्या बसमधून ते दिसणार नाही. भारतीयांना रात्रीमागे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं, म्हणून राहणं-जेवण बेतात बसवायचंय. पारो किंवा पुनाखाला शेतकरी कुटुंबाकडे कुणी राहिलंय का? एकट्या बाईला ठीक आहे ना? त्यांच्या चुलीपाशी बसून मिरची-चीजचं एमा दात्शी शिकायची फार इच्छा आहे.

पुढे फिनलंड. जागतिक आनंद अहवालात २०१८ ते २०२५ सलग पहिला. तिथे राहणारं कुणी ओळखीचं आहे का? हिवाळ्यात दिवस एवढासा असताना लोक एकमेकांकडे जातात का, की भेटीगाठी सौनात, म्हणजे अंग शेकायच्या गरम खोलीतच होतात? त्यांच्याशी फोनवर बोलायला मिळालं तरी खूप होईल.

माहिती असेल तर कृपया इथेच लिहा.