दोन प्रतिमांची एक प्रतिमा: नेमका शब्द कोणता?

दौतटाक : उपयोजित कलेवरील एका पाठ्यपुस्तकाचा अनुवाद करताना एका शब्दापाशी अडलो आहे. दोन भिन्न वस्तूंची चित्रे अशी एकवटायची, की एकच आकार दोन्हींचा वाटावा, या युक्तीला मूळ पुस्तकात 'फ्यूजन' म्हटले आहे. मी 'मिश्रण' लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'एकत्रीकरण' केले. पण एकत्रीकरण तर कागदपत्रांचेही होते. आपण काय सुचवाल?

रेघोट्या : 'फ्यूजन'च ठेवावे, ते सर्वांना कळते. फक्त 'मर्ज' लिहू नये. संगणकावर लेअर मर्ज केले म्हणून दोन कल्पना एक होत नाहीत.

पिंपळपान : घरात शब्द असताना उसनवारी कशाला? 'चित्रश्लेष' म्हणावे. 'श्लिष्' म्हणजे बिलगणे. शब्द न तोडता दोन अर्थ निघाले तर अभंग श्लेष, वेगळ्या ठिकाणी तोडल्यावर दुसरा अर्थ निघाला तर सभंग. १८९२ साली एका जर्मन विनोदी साप्ताहिकात आलेले बदक-सशाचे चित्र आठवावे. बदकाची चोच तेच सशाचे कान, आणि त्यासाठी एक रेघही हलवावी लागत नाही. याहून शुद्ध अभंग श्लेष कोणता?

जुना वाचक : उदाहरण सुरेख, पण दिशा उलटी आहे. श्लेष एकातून दोन काढतो. प्रश्न दोहोंचे एक करण्याचा आहे. अलंकारशास्त्राने हा भेद कधीच करून ठेवला आहे. अलंकार तीळ-तांदळासारखे मिसळले, म्हणजे वेगळे ओळखू येत राहिले, तर संसृष्टी. दूध-पाण्यासारखे मिसळले तर संकर. जर्मन चित्रकार हाना होख यांच्या फोटोमोंताजमध्ये, म्हणजे छायाचित्रांची कात्रणे जोडून केलेल्या चित्रांत, कात्रणांच्या कडा दिसतात आणि त्या दिसायलाच हव्यात, ती संसृष्टी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका स्तंभावर चार हरणांना मिळून एकच मस्तक कोरले आहे. ज्या धडाकडे पाहावे त्याचेच ते वाटते. तो संकर.

रेघोट्या : 'संकर' वाचून विद्यार्थ्यांना बियाणेच आठवेल. शिवाय ती चारही हरणेच आहेत, भिन्न वस्तू कुठे? आणि १५९० च्या सुमारास इटालियन चित्रकार आर्चिंबोल्दो यांनी सम्राट रुडॉल्फ दुसरा याचा चेहरा फळा-भाज्यांतून रचला, त्यात नाकाच्या जागी चक्क नासपती आहे, तो आपल्या कोणत्या खणात बसतो?

जुना वाचक : जवळून संसृष्टी, दुरून संकर.

रेघोट्या : पाहणाऱ्याच्या अंतरावर बदलणारी संज्ञा पाठ्यपुस्तकात छापायची कशी?

पिंपळपान : म्हणूनच चित्रश्लेष! तो अंतर विचारत नाही.

जुना वाचक : आपला 'चित्र'ही तितका निरुपद्रवी नाही. काव्यशास्त्रात चित्रकाव्य म्हणजे पद्मबंध, खड्गबंध यांसारखी अक्षरांची रचना. त्यामुळे जाणकार 'चित्रश्लेष'चा अर्थ वेगळाच लावतील.

पिंपळपान : असे जाणकार उपयोजित कलेचे पाठ्यपुस्तक उघडतील, हे आपण गृहीतच धरलेत. आणि पद्मबंधात अक्षरांतूनच कमळ उमटते. तेही दोन प्रतिमांचे एकवटणे नव्हे काय?

जुना वाचक : नव्हे. अक्षर ही प्रतिमाच नाही.

रेघोट्या : अक्षररचनाकारांसमोर हे बोलू नये. फेडएक्स या कुरिअर कंपनीच्या १९९४ च्या बोधचिन्हात 'ई' आणि 'एक्स'च्या मधल्या रिकाम्या जागेत बाण दडलेला आहे. तिथे अक्षर प्रतिमा नाही, तर मग बाण कशाच्या कडांनी घडला?