अमेरिकेतलं शटडाऊन (बजेट पास न झाल्याने सरकारी कामकाज बंद) आणि एच-१बी (नोकरीच्या व्हिसाचं) ट्रान्सफर, कुणाचं अडकलंय का?

डलासचा_पाहुणा
मंडळी, आज लक्ष्मीपूजन आणि मी इथे टेन्शनमध्ये. ले-ऑफ झालाय, नोकरी गेल्यावर इथे राहायला मिळणाऱ्या ६० दिवसांच्या ग्रेसमधले ३४ गेले, नवी ऑफर हातात आहे पण त्यांचा वकील म्हणतो १ ऑक्टोबर २०२५ पासून सरकार बंद त्यामुळे एलसीए (एच-१बीच्या अर्जाआधी लेबर खात्याकडून पास करून घ्यायचा कागद) फाईलच होत नाहीये. अरे पण यूएससीआयएस (इमिग्रेशनचे अर्ज बघणारं खातं) तर चालू आहे ना? की वकील गंडवतोय? शिवाय आईबाबा ताईकडे न्यूजर्सीला यायचेत, त्यांचा ५ नोव्हेंबरला मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये व्हिसाचा इंटरव्ह्यू आहे, तो होईल का? आई रोज विचारते, "सरकार बंद म्हणजे पोलीसपण सुट्टीवर का रे?"

जुना_एच१वाला
वकील बरोबर बोलतोय. यूएससीआयएस आपण भरतो त्या फीवर चालतं म्हणून उघडं, पण एच-१बीच्या अर्जाला, म्हणजे पिटिशनला, लेबर खात्याचा पास झालेला एलसीए लागतो आणि ते खातं काँग्रेसच्या (इथल्या संसदेच्या) बजेटवर, तिथेच कुलूप. ग्रीन कार्डसाठीचं पर्म, पगाराचा दर ठरवणारं प्रिव्हेलिंग वेज सगळं तिथेच. आणि २०१८-१९ ला ३५ दिवस बंद होतं तरी एलसीए मिळत होते असं कुणी सांगेल, तर तेव्हा लेबर खात्याचं बजेट आधीच पास झालं होतं, यावेळी तसं नाहीये.

सासूबाई_इन_ट्रांझिट
बीकेसीची काळजी करू नका, कॉन्सुलेटपण व्हिसा फीवरच चालतात. माझ्या सासऱ्यांचा गेल्या आठवड्यात झाला.

कागदपत्रवाली
ग्रेस संपायच्या आत काहीतरी फाईल व्हायलाच हवं, बी-२ ला (पर्यटक व्हिसाला) स्टेटस बदलायचा अर्ज टाकता येतो का ते वकिलाला आजच विचार. शटडाऊनमुळे उशीर झाला तर यूएससीआयएस ते कारण विचारात घेतं, पण घेईलच असं नाही हं, म्हणून लेबर खात्याचं एलसीएचं पोर्टल बंद असल्याचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेव.

डलासचा_पाहुणा
अपडेट: शटडाऊन १२ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे ४३ दिवस चाललं, पण लेबर खात्याचं पोर्टल ३१ ऑक्टोबरलाच उघडलं. वकिलाने त्याच दिवशी एलसीए टाकला, तो पास व्हायचे सात कामाचे दिवस मोजत बसलो, १४ नोव्हेंबरला पिटिशन गेलं. ग्रेसचे दोन दिवस उरले होते! स्क्रीनशॉट ११ काढलेत, लागले नाहीत. आईबाबांचा इंटरव्ह्यू तीन मिनिटांत आटोपला, बाबांनी सातबाऱ्यापासून सगळं लावून नेलेली फाईल कुणी उघडलीसुद्धा नाही, त्याचाच त्यांना राग आलाय.