पुणे तिकडे, मग आपण कुठे?

(बावधन, पुण्याच्या कडेला, महामार्गाच्या बायपासपलीकडे. सोसायटीचा मेन ग्रुप, रविवार सकाळ)

सी-२०१ काकू: गेटवर कोणी असेल तर सिक्युरिटीला सांगा, माझा भाऊ कोल्हापूरहून येतोय. पांढरी गाडी, एमएच ०९. आत्ता फोन आला तेव्हा नळस्टॉपला होता.

बी-३०३: नळस्टॉप?? काकू, कोल्हापूरहून बावधनला येताना पार शहरातला नळस्टॉप मध्ये कुठून आला?

सी-२०१ काकू: मी पण हेच विचारलं. तर मलाच म्हणतो, "ताई, तू पुण्यात राहतीस न्हवं? चांदणी चौकात हिरव्या पाटीवर 'पुणे' लिहिलंय, बाण काढलाय. मी बाण बघून वळलो. आता तूच सांग, चुकलं कुणाचं?" गुळाची ढेप डिकीत घालून कर्वे रोडवर फिरतोय बिचारा.

ए-५०१: पाटीचं काहीही चुकलेलं नाही. पुणे तिकडेच आहे.

सी-२०१ काकू: झालं सुरू तुमचं. सदाशिव पेठेतली खोली विकून इथे येऊन आठ वर्षं झाली ना तुम्हाला?

ए-५०१: खोली विकली. पुणे नाही विकलं.

बी-३०३: पण काकूंचा मुद्दा बरोबर आहे. बावधन बुद्रुक २०२१ला महापालिकेत गेलं, २३ गावं एकदम घेतली तेव्हा. टॅक्सच्या पावतीवर पुणे, पिन कोड ४११०२१ म्हणजे पुणे, सोसायटीच्या लेटरहेडवर पुणे. आणि गेटपासून पाच मिनिटांवर पाटी म्हणते, पुण्याला जायचं असेल तर वळा. मी रोज ती पाटी बघतो आणि रोज वाटतं, मग मी आत्ता आहे कुठे?

सी-१०३: 🌼 सुप्रभात 🌼 आजचा दिवस आनंदात जावो

सेक्रेटरी: एमएच १२ ची लाल हॅचबॅक कोणाची आहे? टँकरच्या जागेत लावली आहे. टँकर दहाला येतो. कृपया काढावी.

बी-७०४ अण्णा: जरा मोठं लिहितो, रागावू नका. रस्त्याच्या कामात माझी ३१ वर्षं गेली.

महामार्गावरची पाटी तुम्ही कुठे आहात हे सांगायला लावलेलीच नसते. पुढे काय करायचं, एवढंच ती सांगते. हा ४८ नंबरचा महामार्ग (२०१०मध्ये नंबर बदलले, त्याआधी आपल्याकडे हाच ४ नंबर) दिल्लीहून निघतो आणि जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेंगळुरू करत चेन्नईला जातो. जयपूरहून फरशी भरून निघालेल्या ड्रायव्हरला चांदणी चौकात एकच गोष्ट हवी असते, सरळ जाऊ की उतरू? त्याला बावधन, भूगाव, भुसारी कॉलनी यातलं काही ठाऊक नसतं आणि ठाऊक करून घ्यायला वेळही नसतो. वेगात असताना दोन-तीन नावं वाचून होतात, तेवढ्यात फाटा मागे जातो. म्हणून ज्या नावासाठी जास्तीत जास्त लोक उतरणार, ते नाव पाटीवर जातं. ती पाटी आपल्यासाठी नाहीच.

आणि खरी गोम पुढे आहे. महामार्गाचा हा बायपास बांधला तोच मुळी शहराला वळसा घालायला. त्याआधी मुंबईचा ट्रक शिवाजीनगर, स्वारगेट करत भर गावातून साताऱ्याकडे जायचा. बायपास झाला तेव्हा त्याच्या एका अंगाला शहर होतं, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि भाताची खाचरं. तेव्हा 'पुणे' आणि बाण हे सोळा आणे खरं होतं. मग शहरानेच बायपास ओलांडला. पाटी जिथल्या तिथे राहिली, आपण तिच्या पाठीमागे येऊन फ्लॅट घेतले.

ए-६०२ डॉक्टर: अण्णा, एकदम पटलं. पण शहर पुढे गेलं तर पाटीनेही थोडं पुढे यावं ना? मी लंडनला तीन वर्षं होतो. तिथे शहरात शिरल्यावर पाट्यांवर 'सेंट्रल लंडन' असं लिहिलेलं असतं. नुसतं लंडन म्हणून भागत नाही, कारण माणूस आधीच लंडनमध्ये असतो. अंतर मोजतात ते चेरिंग क्रॉसपासून, तिथल्या चौकात राजाचा घोड्यावरचा पुतळा आहे.

बी-३०३: मग आपल्याकडे अंतर कुठून मोजतात?

बी-७०४ अण्णा: जीपीओ, म्हणजे मुख्य पोस्ट ऑफिस. साधू वासवानी चौकाजवळ. तिथे शून्य मैलाचा जुना दगड आहे, इंग्रजांच्या वेळचा. कधी गेलात तर बघा.

ए-५०१: एक मिनिट. पुण्याचा शून्य इंग्रजांच्या कॅम्पात?

बी-७०४ अण्णा: हो.

ए-५०१: शनिवारवाडा नाही, मंडई नाही, कसबा गणपती नाही. पोस्ट ऑफिस.

बी-७०४ अण्णा: इंग्रजांना पत्रं पोहोचवायची होती, आरतीला यायचं नव्हतं.

सी-२०१ काकू: 😂😂 आज पहिल्यांदा ५०१ गप्प.

सी-६०३: आमचं माहेर मुलुंडचं. मुंबईचे जुने मैलाचे दगड फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून मोजलेले, काळे दगड आणि त्यावर रोमन आकडे. मुलुंड, दहिसर १९५७मध्ये मुंबई महापालिकेत आले. १९९०ला उपनगर जिल्हा वेगळा झाला, म्हणजे महापालिका मुंबईची आणि कलेक्टर उपनगरचा. माझी आई ८१ वर्षांची आहे, जन्म गेला मुलुंडात. अजून दादरला जायचं असलं तरी म्हणते, "उद्या मुंबईला जायचंय."

बी-३०३: एक्सप्रेसवे विसरलात. नाव मुंबई-पुणे, ९४.५ किलोमीटर. सुरू होतो कळंबोलीला, संपतो किवळ्याला. किवळे पिंपरी-चिंचवडमध्ये. म्हणजे मुंबई-पुणे रस्त्यावर मुंबई पण नाही आणि पुणे पण नाही.

ए-४०४ (एलए): इथे रात्र आहे पण राहवलं नाही. मी लॉस एंजेलिसमध्ये शर्मन ओक्सला राहतो. शर्मन ओक्स कायद्याने लॉस एंजेलिस शहरातच आहे. पोलीस त्यांचे, पाणी त्यांचं, महापौर तोच. घराजवळून १०१ नंबरचा फ्रीवे जातो, त्याच्या चढणीवर पाटी असते, '१०१ साऊथ, लॉस एंजेलिस'. मी रोज लॉस एंजेलिसमधून निघून लॉस एंजेलिसला ऑफिसला जातो. इथल्या पाट्यांवर लिहायची मोठी शहरं आधीच ठरवून ठेवलेली असतात, वाटेतल्या गावांना त्यात जागा नाही.

सी-२०१ काकू: अरे बापरे, तिकडेपण तेच का!

ए-४०४ (एलए): पुढे ऐका, मजा आहे. हा भाग म्हणजे सॅन फर्नांडो व्हॅली. डोंगरापलीकडची सगळी शेती. लॉस एंजेलिसने १९१३मध्ये तीनशेहून जास्त किलोमीटरवरून कालव्याने पाणी आणलं. ते पाणी हवं असेल तर शहरात या, असा मामला. १९१५मध्ये व्हॅलीने मतदान करून हद्दवाढ मान्य केली. पाण्यासाठी शहरात गेले आणि शंभर वर्षांनंतरही पाटी सांगतेय, शहर डोंगरापलीकडे.

सेक्रेटरी: पाण्यासाठी शहरात गेले. बरं. पाणी आलं का त्यांना?

ए-४०४ (एलए): आलं.

सेक्रेटरी: नशीबवान आहेत. लाल गाडी अजून तिथेच आहे. टँकर पाषाण रोडला पोहोचला आहे.

ए-४०४ (एलए): २००२मध्ये व्हॅलीने वेगळं शहर व्हायचाही प्रयत्न केला. व्हॅलीत बहुमत निसटतं मिळालं, पण मतदान सगळ्या शहराचं होतं, त्यात आपटले.

बी-७०४ अण्णा: आपल्याकडे फुरसुंगी आणि उरुळी देवाची सुटले की. २०१७ला महापालिकेत आले, २०२४ला बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

सी-२०१ काकू: भावाचा फोन. आता चहा घेतोय म्हणे. त्याला कोणीतरी सांगा, मिसळ मागवू नको. नंतर दिवसभर बोलत बसेल.

ए-६०२ डॉक्टर: लोकेशन पाठवलंत का?

सी-२०१ काकू: दोनदा पाठवलं. "मोबाईल बघून गाडी चालवायची असती तर सरकारनं पाट्या कशाला लावल्या" म्हणतो. वर मला ऐकवतो, कोल्हापुरात तावडे हॉटेलला वळलं की कोल्हापूर. आत आलं की आत, बाहेर असलं की बाहेर.

बी-७०४ अण्णा: त्यांचं बरोबर आहे. १९७२ला त्यांची महापालिका झाली, तेव्हापासून हद्दवाढीवर भांडणंच चालली आहेत. जिथे हद्द हलत नाही तिथे पाटी खोटी पडत नाही.

बी-३०३: मी सुचवतो. सोसायटीच्या लेटरहेडवर एक पत्र देऊ. नुसतं 'पुणे' काढून 'पुणे (मध्य)' करा आणि खाली कोथरूड, डेक्कन लिहा. दुसऱ्या बाणावर बावधन, पाषाण. संपला विषय.

ए-५०१: मध्य म्हणजे कुठे ते आधी ठरवा. जीपीओ असेल तर माझी सही नाही.

बी-३०३: काका, मध्य म्हणजे लक्ष्मी रोड धरा.

ए-५०१: मग ठीक आहे. तसंही लकडी पूल ओलांडला की पुणं संपलं, असं आमचे आजोबा म्हणायचे. शिवाजीनगरला ते शेवटपर्यंत भांबुर्डं म्हणत. डेक्कनला राहायला जाणाऱ्याला गावाबाहेर गेला म्हणायचे. आता डेक्कनवाले आपल्याला गावाबाहेर म्हणतात, आपण भूगाववाल्यांना. पाटी बिचारी एकटीच का सापडली सगळ्यांना?

सी-२०१ काकू: मी कोणाला गावाबाहेर म्हणत नाही. मी बावधनची आणि बावधन पुण्यात. पत्रावर पहिली सही माझी.

बी-७०४ अण्णा: ताई, रागावणार नसाल तर गुरुवारचा तुमचा मेसेज परत टाकतो. "गावात चाललेय, तुळशीबागेतून कोणाला काही हवंय का?"

बी-७०४ अण्णा: आणि त्याआधीच्या सोमवारचा. "आज गावात फार ट्रॅफिक, जाऊ नका कोणी."

सी-६०३: 🙊

सी-२०१ काकू: अहो ते बोलण्यातलं.

बी-७०४ अण्णा: पाटी पण तेच बोलतेय हो. तुम्ही 'गाव' म्हणता, ती 'पुणे' म्हणते. बाण दोघींचा एकाच दिशेला. कोथरूडची माणसंही 'गावात जाऊन येतो' म्हणतात, त्यांना महापालिकेत येऊन किती दशकं झाली. तुम्ही पुणेकर आहात की नाही, हा प्रश्न पाटीला कोणी विचारलेलाच नाही. हद्द सांगायला 'आपले सहर्ष स्वागत' वाली कमान असते. हिरव्या पाटीला हद्दीशी देणंघेणं नाही.

पत्र मात्र द्या. (मध्य) लिहिलं तर ट्रकवाल्याचं काही बिघडत नाही आणि पाहुण्याची ढेप नळस्टॉपला जात नाही. फक्त 'आम्ही पुण्यात असूनही' वगैरे लिहू नका, नाहीतर उत्तर येणार नाही. वाहनचालकांचा गोंधळ होतो, लोक आयत्या वेळी ब्रेक मारतात, रिव्हर्स घेतात, असं लिहा. ते खरंही आहे. फोटो जोडा, किलोमीटरचा दगड जवळ असेल तर त्याचा आकडा द्या.

बी-३०३: फोटो मी काढतो संध्याकाळी.

ए-६०२ डॉक्टर: सर्व्हिस रोडवरून काढ रे, महामार्गावर उतरू नकोस.

सेक्रेटरी: पत्राचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. लाल गाडी काढली, धन्यवाद. ज्यांची होती त्यांनी नाव सांगितलेलं नाही, पण कॅमेरा आहे.

सी-१०३: सॉरी, माझी होती. फोन चार्जिंगला होता.

सेक्रेटरी: सुप्रभात टाकताना चार्जिंगला नव्हता.

बी-३०३: काकू, पांढरी एमएच ०९ आली बघा गेटवर. टँकरच्या मागेच आहे.

सी-२०१ काकू: आला एकदाचा! खाली उतरतेय.

सेक्रेटरी: सिक्युरिटीने व्हिजिटर रजिस्टरचा फोटो पाठवला आहे, विचारतोय की हे असंच ठेवायचं का. 'कुठून आलात' या रकान्यात पाहुण्यांनी 'पुणे' लिहिलं आहे.

ए-५०१: ठेवा. सही करतो मी त्यावर.

सी-२०१ काकू: ढेप फोडतेय. ज्यांना गूळ हवा त्यांनी डबा घेऊन या. ५०१, तुम्हाला लांब पडेल, तुमचा पोचवते.