मदत हवी आहे: पियानो ट्रायोत सम कुठे धरायची?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, गावभागातला. चाळीस वर्षं तबला वाजवतोय; भजनी मंडळं, शाळा-कॉलेजची गॅदरिंगं, दोन-तीन गायकांची साथ. मोठा कलाकार वगैरे नाही, पण सम (आवर्तनाची पहिली मात्रा) चुकली असं सहसा कोणी म्हटलेलं नाही. म्हणून तर हा प्रश्न जास्त झोंबतोय.

दिवाळीत भाचा पुण्याहून आला तेव्हा त्याने एक सीडी दिली. "मामा, यात कोणी गात नाही, तुम्हाला चालेल." बिल एव्हान्स ट्रायोची 'पोर्ट्रेट इन जाझ'. २८ डिसेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये एका दिवसात केलेलं ध्वनिमुद्रण. पियानोवर एव्हान्स, बासवर (माणसाएवढं उभं तंतुवाद्य) स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन.

आधी मोबाइलवर ऐकलं तर नुसता पियानो आणि मागे कोणी तांदूळ पाखडतंय असा आवाज. बास गायबच. भाचा म्हणाला, बासची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते, मोबाइलच्या टिकलीएवढ्या स्पीकरमधून ती काय येणार! मग मिरजेला सतारमेकर गल्लीत मित्राच्या दुकानात गेलो, त्याच्याकडे जुने मोठे स्पीकर आहेत. तो तंबोऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा नाद) काढत बसला होता. घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवायचा, छेडायचं, परत सरकवायचा. बास सुरू झाला तसा त्याचा हात थांबला. "याला भोपळा कुठला लावलाय रे?" म्हटलं भोपळा नाही, लाकडाचंच मोठं पोट असतं. "मग लाकूड चांगलंय," म्हणाला आणि पुन्हा धाग्याकडे वळला. त्याचं समाधान तेवढ्यावर झालं. माझं नाही.

अडचण अशी. 'ऑटम लीव्ह्ज' घ्या. धून ३२ बारची, प्रत्येक बार ४ मात्रांचा. म्हणजे १२८ मात्रा, १६ मात्रांच्या तीनतालाची बरोबर ८ आवर्तनं. हिशोब बघून मी खूश. धून वाजते तोवर टाळी-खाली देत मी बरोबर समेवर येतो. धून संपली की बास आणि पियानो आपसात बोलायला लागतात, एकाने अर्धं वाक्य टाकायचं, दुसऱ्याने तोडायचं. ड्रम्स जवळजवळ बाजूलाच. तिथे माझा हात हवेत राहतो. पुढे ड्रम्सनी लय धरली की झांजेच्या 'चिक्'वर सम पकडून चालू पडतो, तर शेवटी धून परत येते तेव्हा मी एका मात्रेने बाहेर! तीन दिवस हेच चाललंय. घरातून विचारणा झाली, "मांडीवर थापा मारून कोणाशी भांडताय?"

'समडे माय प्रिन्स विल कम'ला त्रास नाही, तीन-तीनची चाल आहे, दादरा धरून बसलं की जमतं. 'ब्लू इन ग्रीन' १० चं आहे म्हणून झपताल लावायला गेलो आणि तोंडावर पडलो. ते १० बार निघाले, १० मात्रा नव्हेत.

तर सांगा, ही मंडळी ठेक्याशिवाय समेवर येतात कशी? आणि सीडीवर 'ऑटम लीव्ह्ज' दोनदा का आहे?

प्रतिसाद (कोल्हापूर, गिटार)

काका, एका मात्रेची चूक लगेच सापडली. जाझच्या लयीत पायाने वाजणारी ती झांज साधारण २ आणि ४ वर पडते. तुम्ही 'चिक्'ला १ धरताय. तिला टाळी समजू नका, दोन टाळ्यांच्या मधली जागा समजा. शिवाय एव्हान्सचा डावा हात पुष्कळदा समेच्या अर्धी मात्रा आधीच पडतो. अनागत म्हणा हवं तर. त्यावरही विसंबू नका.

दोनदा आहे कारण ते दोन वेगवेगळे टेक (एकाच धुनेची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं) आहेत, एक स्टिरिओ, एक मोनो. पाठोपाठ ऐका. दोन्हींत जे सारखं राहतं ती बंदिश, बाकी सगळं त्या त्या वेळचं.

प्रतिसाद (सातारा, हार्मोनियम)

तुमच्या सोलोला मी लेहरा (पुन्हा पुन्हा वाजणारी एकच धून) धरून बसलो आहे असं समजा. तुम्ही कायदा घ्या, रेला घ्या, कितीही आडवेतिडवे जा, लेहरा तुम्हाला जागा दाखवतो. इथेही लेहरा आहे, फक्त तो वाजवत कोणी नाही. ३२ बारची धून तिघांच्या डोक्यात फिरत असते, तिचे स्वरमेळ ठरलेल्या जागी बदलतात. म्हणून मात्रा मोजणं सोडा. धून पाठ करा आणि ते काहीही वाजवोत, तुम्ही मनात तीच गात राहा. आणि राव, हेडफोन घ्या. बास ऐकायला दर वेळी मिरजेला जाणार का?

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे आभार. हेडफोन भाच्याचाच ढापला. धून गुणगुणत बसलो. 'चिक्'ला दोनवर ठेवायला हात तयार नव्हता, चाळीस वर्षांची खोड आहे, पण काल रात्री धून परत आली तेव्हा मी समेवर होतो! एकदाच. दुसऱ्या टेकमध्ये पुन्हा घसरलो.

भाचा सांगत होता की लाफारो ६ जुलै १९६१ ला मोटार अपघातात गेला, वय २५. या तिघांचे स्टुडिओतले अल्बम दोनच, हा आणि 'एक्सप्लोरेशन्स'. ते कळल्यापासून मी बासकडेच कान लावून बसतो आणि धून गायची विसरतो, मग परत सगळं पहिल्यापासून.

सातारकर, बास एकटा सुटतो तिथे तुम्ही धून गाता की नुसतं ऐकता?